चिंधूच्या घरची पाळी

लाइन गेली आहे, ती आता सकाळशिवाय येत नाही. शेकोटीत तो बाभळीचा बुंधा सरकवा आणि ज्याला बाहेर जाऊन यायचं असेल त्यानं आत्ताच जाऊन यावं. मधे उठलात तर एकट्यालाच जावं लागेल. सोबतीला मी येणार नाही, माझे गुडघे गेलेत. आणि हसायचं नाही. हे कुठं वाचलेलं नाही. ज्याच्या बाबतीत घडलं तो पवनीचा परसराम, कचेरीतला शिपाई, गेल्याच साली पेन्शनीत निघाला. निघाल्यावर एकदाच बोलला, एवढंच. नोकरीत असताना त्यानं तोंड उघडलं नाही, कारण शिपायानं भुताची गोष्ट सांगितली की लोक आधी त्याच्या तोंडाचा वास घेतात. परसराम तर चहासुद्धा मोजून पिणारा माणूस.

साल ब्याऐंशी. जानेवारीची चोवीस तारीख, रविवार. दुसऱ्या दिवशी पौषातली अवस आणि तिसऱ्या दिवशी सव्वीस जानेवारी.

आता रविवार म्हणजे सुटी. पण शिपायाला कसली सुटी? साहेबांनी शनिवारी निघता निघता झेंडावंदनाच्या पत्रिकांचा गठ्ठा त्याच्या हातात ठेवला आणि म्हणाले, "परसराम, उद्या सगळ्या पोहोचल्या पाहिजेत." परसराम म्हणाला, "जी साहेब." सव्वीस वर्षांत त्यानं दुसरं काही म्हटलंच नव्हतं. हुकूम पुरा व्हायच्या आधी त्याचं 'जी' तयार असायचं. कचेरीत त्याच्यासाठी एक स्टूल होतं, पण तो कधी त्यावर बसत नसे. बसलेल्या माणसाला घंटी ऐकून उठायला उशीर होतो, आणि उशीर झाला की साहेब कपाळाला आठ्या घालतात. त्यापेक्षा उभंच राहिलेलं बरं. असं उभं राहून राहून बावन्नाव्या वर्षीच त्याचे पाय संध्याकाळपर्यंत सुजून चपलेत मावेनासे व्हायचे. रात्री बायको, तुळसाबाई, कोमट पाण्यात मीठ टाकून घमेलं पुढं सरकवायची आणि सरकारचा उद्धार करायची.

त्या रविवारी सकाळपासून तो सायकलीवर होता. शेवटची पत्रिका आसगावच्या एका म्हाताऱ्या स्वातंत्र्यसैनिकाची. ते वावरात गेलेले. पत्रिका सुनेकडं देऊन निघता आलं असतं, पण वहीत सही त्यांचीच हवी होती. परसराम दारात थांबून राहिला. घरच्यांनी खाट टाकून दिली, "बसा ना जी," म्हणून दोनदा म्हटलं. हा आपला उभाच. म्हातारे दिवेलागणीला आले. सही झाली, चहा झाला, थोडं जेवूनही घ्यावं लागलं. निघाला तेव्हा साडेआठ वाजून गेले होते. पुढं तीन कोस रस्ता.

थंडी अशी की हँडल धरवत नव्हतं. दोन्ही बाजूंनी कापलेल्या धानाच्या बांध्या, त्यात लाखोळी उगवलेली, आणि वर नुसत्या चांदण्या. सायकलचा डायनामो घर्रर्र करत होता आणि परसरामच्या डोक्यात एकच गोष्ट होती, मीठ घातलेलं कोमट पाणी. भूतखेत त्याच्या डोक्यात नव्हतं. त्याच्या बापानं ते मानणं सोडलं होतं आणि त्यानंही. 

त्याचा बाप चिंधू. हा चिंधू जुन्या काळी वेठीला जायचा. मालगुजाराची गाडी रात्री निघाली, कोणी साहेब दौऱ्यावर आला, की पुढं मशाल धरून चिंधू. पैसा नाही, धान नाही, थांब म्हटलं की थांबायचं. छप्पन साली तो नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला आणि आल्या आल्या दारात उभा राहून साऱ्या वस्तीला ऐकू जाईल असं बोलला, "आजपासून या घरची वेठ बंद!" पुन्हा त्यानं कोणासाठी मशाल उचलली नाही. त्याच साली पोरगा शिपाई म्हणून लागला, तेव्हा चिंधूनं गावभर गूळ वाटला. पगाराची नोकरी, वेठ नव्हे.

पण चौसष्टच्या पावसाळ्यात चिंधू तापानं गेला, त्या रात्री एक विचित्र गोष्ट झाली. दोन दिवस डोळा न उघडलेला माणूस अंथरुणात ताठ उठून बसला. दाराकडं बघून म्हणाला, "आलो जी." आणि गेला. परसरामची माय रडली नाही. ती म्हणाली, "नेलं. पाळीवर नेलं त्याले."

ही पाळी काय, ते तुम्हाला माहीत नसेल. पवनीची जुनी माणसं सांगायची. कधी काळी कोणी एक राजा पावसाळ्याच्या तोंडाला आपला सारा दरबार घेऊन पवनीत उतरला. कोणता राजा ते विचारू नका, इतिहासाच्या मास्तरालाही सांगता येत नाही. वैनगंगेला पूर होता, आठ दिवसांत उतरेल म्हणाले. आठ दिवसांचे चार महिने झाले. आता दरबार बसला म्हणजे त्याला खायला पाहिजे. कोष्ट्यांच्या घरून कापड गेलं, ढिवरांच्या घरून मासोळी गेली, बरईच्या मळ्यातली विड्याची पानं गेली. आणि ज्यांच्याकडं द्यायला काहीच नव्हतं त्यांनी माणूस द्यायचा. रात्रभर मशाल धरून उभं राहायला. घरटी पाळी. बापाच्या हातातून मशाल पोरानं घ्यायची, तेव्हा बाप सुटला. नियम दोनच. राजासमोर बसायचं नाही आणि राजाकडं मान वर करून पाहायचं नाही. पुढं म्हणे तो राजा बसल्या जागी गेला, पण दरबार बरखास्त झाल्याचं कोणी सांगितलंच नाही. म्हणून दरबार अजून उभा आहे. आणि त्या घरांतला माणूस मेला की त्याला पाळीवर बोलावणं येतं.

माय हे सांगायची तेव्हा परसराम चिडायचा. "बानं वेठ बंद केली ना वो? मंग मेल्यावर कायची पाळी?" माय म्हणायची, "बंद केली त्यानं. तिकडं कोनी ऐकलं?"

असो. तर पावणेदहाच्या सुमाराला त्याला पवनीचा जुना परकोट, म्हणजे गावाभोवतीचा तट, दिसायला लागला. खंदकाच्या अलीकडं रस्ता जरा उताराचा आहे. तिथं तो पायडल न मारता निघाला. आणि डायनामोचा उजेड कमी कमी होत गेला. चाक जोरात फिरत होतं, घर्रर्र आवाजही होत होता, पण उजेड मात्र विझत चालला. तो उतरला. दिवा ठोकून पाहिला. काही नाही. चला, पायी तर पायी. घर हाकेवर आलं होतं.

तेवढ्यात समोर परकोटाच्या दरवाजातून उजेड दिसला. एक नाही, दोन नाही. ओळच्या ओळ. त्याला वाटलं वरात असेल. गॅसबत्त्या असतील. दोन पावलं गेला आणि मनात आलं, पौषात लग्न कुठलं?

मग वाटलं, सव्वीस जानेवारीची तयारी असेल. पण तयारी असती तर ती यालाच करावी लागली असती...

तो दरवाजातून आत गेला. दोन्ही बाजूंनी माणसं उभी होती. हातात मशाली. माना खाली. अंगाला अंग लागेल अशी दाटी, तरी कोणाचा आवाज नाही. खोकला नाही. पाय बदलल्याचा आवाजसुद्धा नाही. करंजीच्या तेलाचा वास मात्र असा, की घशात बसावा. परसरामनं थंडीनं आखडलेला हात सहज एका मशालीजवळ नेला.

ऊब नव्हती.

त्यानं हात मागं घेतला. सायकल फिरवायला पाहिली. मागंही माणसं उभी होती. मघा नव्हती... आता होती.

 खरं सांगू का, त्यानं मला सांगितलं ते असं, की भीतीच्याही आधी त्याच्या लक्षात त्या माणसांचे पाय आले. सुजलेले. घोट्यापाशी तट्ट फुगलेले. कोणी एका पायावर भार टाकलेला, कोणी गुडघा किंचित वाकवलेला. कोणाला दिसू नये असा आराम कसा घ्यायचा, ते उभं राहणाऱ्यालाच कळतं. परसरामनं ते सगळे प्रकार ओळखले. तो स्वतः रोज तेच करायचा.

ओळीच्या टोकाकडून कोणी तरी चालत आलं. हातात चांदीची काठी. चेहरा दिसत नव्हता. दिसायला पाहिजे होता, एवढा उजेड होता.

"कोणतं घर?"

आणि इथं परसराम चुकला. गप्प राहायचं, पळायचं, ओरडायचं, काहीही करायचं. पण सव्वीस वर्षांची सवय. वरच्या माणसानं विचारलं की याचं उत्तर तयार.

"जी... चिंधूचं."

काठीवाला बाजूला झाला. काठी उजव्या हाताच्या ओळीकडं वळली. तिथं सातवा की आठवा माणूस. बाकीच्यांपेक्षा बुटका. डोक्याला गुंडाळलेलं पांढरं फडकं. मशालीचा हात थरथरत होता.

"आला का गा, परसा?"

परसरामच्या हातातली सायकल पडली. तिचा आवाज झाला नाही.

"बा...?"

"लय उशीर केला गा. हात भरून आला माहा." मान खालीच. "घे आता."

मशाल पुढं आली. अठरा वर्षांनी बाप भेटला होता आणि बापाला बसायला जागा नव्हती. परसरामला रडू फुटलं. ज्या माणसानं साऱ्या गावासमोर वेठ बंद केली, त्याला मेल्यावर इथं आणून उभं केलं होतं. अठरा वर्षं. रात्रभर. त्याचा हात आपोआप पुढं गेला. बापाच्या हातातलं ओझं घ्यायला कोणत्या पोराचा हात पुढं जाणार नाही?

बोटं दांड्यापासून चार अंगुळं राहिली असतील. तेवढ्यात त्याला नागपूरला आयटीआयला शिकणारा आपला पोरगा आठवला.

"बा, मी घेतली तर... माह्या मागून कोन?"

चिंधूची मान आणखी खाली गेली.

"बा?"



काठी जमिनीवर आपटली. एकदा.

घेतली तर पोरगा अडकतो. नाही घेतली तर बाप उभा. परसराम दोघांच्या मधे उभा राहिला. काठी दुसऱ्यांदा आपटली. सगळ्या मशालींच्या ज्योती एकदम त्याच्याकडं वळल्या. वारा नव्हता.

तिसऱ्यांदा आपटली की काय होणार, ते त्याला कोणी सांगितलं नव्हतं. तरी त्याला कळलं होतं, मग तोही ओळीतच उभा.

अशा वेळी माणसाला देव आठवतो, माय आठवते. परसरामच्या तोंडून मात्र कचेरीतला रोजचा प्रश्न निघाला. रोज पन्नास माणसं येतात, ओसरीत ताटकळतात, आणि शिपाई आधी एकच गोष्ट पाहून येतो.

"बा, साहेब आहेत का आतमधी?"

"काय मालूम गा. वर पाहाचं नाही."

"कोनीच पायलं नाही?"

"वर पाहाचं नाही," चिंधू पुन्हा म्हणाला. त्याचा आवाज दमलेला होता.

ओळीच्या शेवटी पडदा होता. लाल. त्याच्या मागं उजेड, आणि उजेडात बसलेल्या माणसाची सावली. मंदील, रुंद खांदे. परसराम तिकडं निघाला.  कोणी अडवलं नाही. अडवण्याचा प्रसंगच आजवर आला नसावा. मागून काठीवाला आला. त्याच्या पावलांचा आवाज नव्हता, फक्त चालताना काठी टेकल्याचा.

ठक.

परसरामनं पडदा धरला. हाताला कापड लागलं नाही, ओली माती लागली. साहेबाच्या खोलीचं दार जसं बोटभर लोटून पाहतात, तसा त्यानं तो बोटभर सारला. आणि मान वर करून पाहिलं.

गादी होती. तक्क्या होता. गादीवर बसलेल्या माणसाएवढं उंच वारूळ होतं. उधईनं गादी खाल्ली होती, तक्क्या खाल्ला होता आणि वर वर चढत गेली होती. त्या वारुळावर कोणी तरी मंदील नीट बसवून ठेवला होता.

परसराम म्हणाला, त्या क्षणी त्याची भीती गेली. राग आला. असा राग त्याला जन्मात आला नव्हता. रिकाम्या खुर्चीसमोर माणसं ताटकळत ठेवायची, हे त्यानं आपल्या डोळ्यांनी किती पाहिलं होतं, आणि दर वेळी 'जी साहेब' म्हणून गिळलं होतं.

तो वळला. पुढं एवढा जमाव.  मग घसा खाकरला आणि रोज सहा वाजता कचेरी बंद करताना ज्या आवाजात बोलायचा त्याच, कंटाळलेल्या, सपाट आवाजात बोलला.

"साहेब गेले. आज काई होनार नाही. घरी जा सगळे."

...

काहीच झालं नाही.

काठीवाला समोर होता. हातभर अंतरावर. काठी तिसऱ्यांदा आपटायला वर उचललेली. खाली येत नव्हती.

"मी पाहून आलो ना जी," परसराम म्हणाला. "खोली खाली आहे. घरी जा."

काठी वरच राहिली. मग, लांब, अगदी टोकाला, एक मशाल खाली झाली. कोणी तरी ती मातीत खुपसली. मग तिच्या शेजारची. मग आणखी एक. अंधार एकेका माणसानं पुढं येत होता. उसासे ऐकू येत होते... म्हणजे खूप ओझं खांद्यावरून उतरवल्यावर माणूस जसा श्वास सोडतो, तसे. शेकडो. त्याच्या जवळून माणसं जात होती, पण कोणाचा धक्का लागत नव्हता. काठीवाला कधी गेला ते त्याला कळलं नाही.

शेवटी एकच मशाल उरली.

"गेले म्हन्तोस?" चिंधूनं विचारलं. अजून मान वर नव्हती. "कवा?"

"लय वर्सं झाली, बा."



"कोनी सांगतलंच नाही रे, आमाले," चिंधू म्हणाला.

आणि मशाल खाली गेली.

पुढचं परसरामला नीट आठवत नाही. पहाटे चारच्या सुमाराला तो सायकल ढकलत दारात आला. तुळसाबाई रात्रभर जागी होती. "कोठी होते जी?" म्हणून ती ओरडली, पण त्याचं तोंड पाहून गप्प झाली. तो काही बोलला नाही. तांब्याभर पाणी प्यायला आणि आडवा झाला तो उन्हं अंगावर येईपर्यंत. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्याला कचेरीत उशीर झाला. साहेबांनी आठ्या घातल्या. आणि कचेरीतली माणसं सांगतात, त्या दिवशी परसराम दाराशी गेला, स्टूल ओढलं आणि त्यावर बसला.

आता राहिली एक गोष्ट. मी ती माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे, तुम्हीही पवनीला गेलात तर पाहू शकता. परसरामचं घर नवं आहे. एकोणऐंशी साली बांधलं, म्हणजे चिंधू जाऊन पंधरा वर्षं झाल्यावर. समोर ओटा आहे, चुन्यानं पांढरी केलेली भिंत आहे. त्या सोमवारी सकाळी तुळसाबाई ओटा झाडायला आली आणि तिनं आत हाक मारली, "अवो, इथं राती कोन बसलं होतं?"

भिंतीवर तेलाचा डाग होता. पाठीएवढा रुंद. तिनं बोट लावलं तर तेल बोटाला आलं, करंजीचं. घरात करंजीचं तेल नव्हतं. तिनं राखेनं घासलं, परसरामनं दुसऱ्याच आठवड्यात चुना मारला. पंधरा दिवसांत डाग वर आला. दर दिवाळीला मारतात, दर दिवाळीनंतर येतो. यंदा पोरानं नागपूरहून चांगला रंग आणून लावला होता. परवा मी गेलो होतो तर तोही पिवळा पडत चालला आहे. मी काठी लावून मोजून पाहिलं. डाग ओट्यापासून दीड हात उंच आहे. ओट्यावर बसून पाठ टेकली की बरोबर तिथंच लागते.